लास पाल्मास ते सेंट लुशिया, ३८ फुटी शिडाची बोट: जाऊ का?

गोड्या_पाण्यातला (१४ जून)

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे. आज पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मूळचा रत्नागिरीचा, सध्या नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये. लहानपणी समुद्राशी संबंध म्हणाल तर मांडवीवर भेळ खाण्यापुरता. पोहायला इथे येऊन शिकलो, शिडाची बोट चालवायलाही इथेच. गेली पाच वर्षं शनिवार-रविवार आयसेलमेरवर असतो. आयसेलमेर म्हणजे १९३२ साली बांध घालून समुद्रापासून तोडलेलं गोड्या पाण्याचं तळं, म्हणून हा आयडी. तीन तास शिडं ओढायची आणि संध्याकाळी धक्क्यावर येऊन भजी-बिअर, एवढाच माझा दर्यावर्दीपणा.

आता ऑफिसातला एक सहकारी निवृत्त होतोय. वय ६१. त्याची स्वतःची ३८ फुटी बोट आहे, १९८९ ची, फायबरची. ती घेऊन तो कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला निघालाय. लास पाल्मास ते सेंट लुशिया, साधारण २७०० सागरी मैल, म्हणजे ५००० किलोमीटर. मध्ये काही नाही. तो, त्याची बहीण, बहिणीचा मुलगा आणि चौथा मी, असं त्याच्या मनात आहे. पैसे फक्त खाण्यापिण्याचे वाटून.

मन ‘जा’ म्हणतंय. पण रात्री दोनला जाग येते तेव्हा अजिबात म्हणत नाही. बोटीत काय बघू? माझा अनुभव पुरेल का? आणि आईला काय सांगू? ती अजून मला लाटांत गुडघ्यापुढे जाऊ देत नाही.

मिरचीभजी (१४ जून)

जा. आणि आल्यावर फोटोंसकट लेखमाला टाका. दोन भाग लिहून ‘क्रमशः’ म्हणत गायब व्हायचं नाही, ही अट.

दापोलीचे_काका (१४ जून)

परत कसे येणार?

वाकडं_सुकाणू (१५ जून)

हाच पल्ला मी दोनदा केलाय, एकदा ४२ फुटीवर आणि एकदा ३६ फुटीवर. दोन्ही वेळा दुसऱ्याच्या बोटीवर, हरकाम्या म्हणून. तेव्हा जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे, वादळाची भीती डोक्यातून काढा. नाही येणार असं नाही, पण हा रस्ता मुळात सोयीचा आहे. ईशान्येचे व्यापारी वारे पाठीवर घेऊन जायचं. आधी नैऋत्येला उतरायचं, साधारण २० अक्षांशाच्या आसपास वारा नीट लागला की पश्चिमेला वळायचं. जुने खलाशी म्हणायचे, लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा. तुम्ही साजूक तुपाची बरणी ठेवा, काम तेच.

मग त्रास कशाचा? घासण्याचा. वारा मागून, लाट मागून, बोट तीन आठवडे या कुशीवरून त्या कुशीवर लोळत असते. तिच्याबरोबर प्रत्येक दोरी, प्रत्येक कप्पी, कपाटातली प्रत्येक बरणी हलते. जी दोरी आयसेलमेरवर दहा वर्षं टिकली असती ती इथे आठ दिवसांत तुटते, कारण ती एकाच जागी लाखभर वेळा घासली गेलेली असते. डोलकाठीच्या टोकावरच्या कप्पीतून जाणारी शिडाची दोरी रोज वीतभर सैल करायची किंवा ताणायची, म्हणजे घासायची जागा बदलते. रोज सकाळी चहा घेतल्यावर नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत एक फेरी मारायची, हात लावून. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं.

दुसरं, बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालचा आडवा दांडा. वारा पाठीमागून असताना सुकाणू जरा चुकलं की मोठं शीड या बाजूचं त्या बाजूला असं येतं की मध्ये डोकं असेल तर डोकं राहत नाही. त्यासाठी बूमच्या टोकापासून नाळेपर्यंत दोरी बांधतात, तिला प्रिव्हेंटर म्हणतात. ती आहे का, आणि कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेतून, सोडता येते का, हे बघा.

तिसरं, झोप. चौघे असाल तर तीन तास पहारा, नऊ तास सुट्टी. कागदावर चैन वाटते. प्रत्यक्षात त्या नऊ तासांत रांधणं, दुरुस्ती आणि लोळणाऱ्या बिछान्यात स्वतःला उशांनी ठासून बसवणं.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही विचारलंत बोटीत काय बघू. बोट नंतर बघा, आधी नाखवा बघा. त्याच्याबरोबर एक रात्र तरी खाऱ्या पाण्यात काढा, तेही वाईट हवेत. तो दमल्यावर कसा वागतो, आणि तुमची चूक झाल्यावर काय बोलतो, हे किनाऱ्यावर कॉफी पिताना कळत नाही.

पुलावरून (१५ जून)

मी मर्चंट नेव्हीत, कंटेनर जहाजावर सेकंड ऑफिसर. म्हणजे तुम्ही ज्याला घाबरायला हवं तो मी.

आमच्या ब्रिजवरून तुमची पांढरी फायबरची बोट पांढऱ्या फेसात दिसत नाही. रडारवरही लाटांच्या गोंधळात हरवते. एआयएस, म्हणजे जहाजांची ठिकाणं रेडिओवरून कळवणारं यंत्र, लावा, आणि नुसतं आमचं बघणारं नको, स्वतःचं ठिकाण पाठवणारं लावा.

हिशेब करा. रात्री तुम्हाला आमचे दिवे आठ मैलांवर दिसले, आम्ही २० नॉट्सनी (तासाला २० सागरी मैल) समोरून येतोय, तुम्ही सहाने. आठ मैल म्हणजे अठरा मिनिटं. म्हणून पहाऱ्यावर असताना दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून गोल नजर फिरवायचीच, पुस्तक कितीही रंगलेलं असू दे. शंका आली तर व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर जहाजाचं नाव घेऊन हाक मारा. लाजू नका. नाव घेतलं की आम्ही उत्तर देतो. ‘कुणी आहे का’ विचारलंत तर प्रत्येक जण म्हणतो दुसरा बघेल.

झुणका_भाकर (१५ जून)

हे वेडेपण आहे. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. २०१८ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमींसारख्या मुरलेल्या नौदलाच्या माणसाची बोट उलटली, डोलकाठी गेली, पाठ मोडली. तुम्ही तळ्यातले.

वाकडं_सुकाणू (१६ जून)

झुणका, सप्टेंबरमधला दक्षिण हिंदी महासागर आणि डिसेंबरमधले व्यापारी वारे यांची तुलना म्हणजे जुलैतल्या हर्णेची एप्रिलमधल्या हर्णेशी तुलना. टॉमी पर्थपासून १९०० मैलांवर होते, एकटे, जुन्या पद्धतीच्या बोटीवर, शर्यतीत. आणि त्या प्रकरणातून शिकायचं ते वेगळंच आहे. माणूस बिछान्यातून उठू शकत नव्हता, तरी उपग्रहावरून मजकूर पाठवू शकला. म्हणून मदत कुठे जायची ते ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी ओसिरिस नावाच्या फ्रेंच गस्ती बोटीने त्यांना उचललं. आणि तोच माणूस २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरून दुसरा आला.

दापोलीचे_काका (१६ जून)

३८ फूट लहान म्हणून घाबरत असाल तर एक सांगतो. पृथ्वीला एकट्याने, कुठेही न थांबता पहिली फेरी मारली ती सुहैली बोट ३२ फुटी होती आणि आपल्या मुंबईत बांधलेली होती, सागवानात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा इकडच्या जहाजांवर नोकरी करायचे. १४ जून १९६८ ला इंग्लंडात फाल्मथहून निघाले, २२ एप्रिल १९६९ ला परत. ३१२ दिवस. नऊ जण निघाले होते, पोचले हे एकटे. (धागा १४ जूनलाच काढलात, बघा.)

दिलीप दोंदे आणि नंतर टॉमी ज्या म्हादेई बोटीवरून जग फिरले ती गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात झाली, पण ती ५६ फुटी, तिची गोष्ट वेगळी.

आणि निघायची तारीख काय? आपल्याकडे नारळी पौर्णिमेआधी दर्यात होडी घालत नाहीत. त्यांची नारळी पौर्णिमा ३० नोव्हेंबरला असते, तेव्हा तिकडचा चक्रीवादळांचा हंगाम संपतो. त्याआधी निघायची घाई करत असेल तर तुमच्या म्हाताऱ्याला जागेवर बसवा.

परत कसे येणार, ते अजून सांगितलं नाहीत.

गोड्या_पाण्यातला (१६ जून)

काका, विमानाने. बोट पुढे तिथेच राहील.

सगळ्यांचे आभार. सुकाणूभाऊंचं ऐकून ऑगस्टमध्ये त्याच्याबरोबर उत्तर समुद्र ओलांडून इंग्लंडला जाऊन यायचं ठरवलंय. तोवर धागा जिवंत ठेवा.

पाटावरवंटा (१७ जून)

तोवर खाण्याचं बोलू, कारण पुरुष मंडळी दोऱ्यांवरच अडकलीत. मी स्वतः महासागरात गेलेले नाही, पण माझा नवरा आणि मी चार वर्षं ग्रीसमध्ये उन्हाळाभर बोटीवर राहायचो. फ्रीज पहिल्याच आठवड्यात दगा देतो असं धरून चाला.

बटाटे, कांदे, कोबी, लाल भोपळा टिकतात. पण कांदे-बटाटे एकत्र नको, दोन्ही सडतात. अंडी कधीच फ्रीजमध्ये न गेलेली घ्या, दर दोन-तीन दिवसांनी उलटी करा. केळ्यांचा घड टांगू नका, सगळी एकाच दिवशी पिकतात आणि मग बोटभर केळ्याचं शिकरण.

प्रेशर कुकर घ्याच. अन्न लवकर होतं हे सोडा, बोट कलंडली तरी झाकण लागलेलं असतं, उकळती डाळ कुणाच्या पायावर येत नाही. भाताला तिसरा हिस्सा समुद्राचं पाणी चालतं, मीठ टाकायचं नाही. भांडी समुद्राच्या पाण्यात घासा. पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर धरलं तर चौघांना तीस दिवसांचं ३६० लिटर झालं. सगळं एकाच टाकीत ठेवू नका. टाकी खराब झाली तर कॅन हवेत.

आणि मटकी! दोन आठवड्यांनी हिरवं काही दिसेनासं होतं, तेव्हा ओल्या फडक्यात बांधलेली मटकी आणि मूग. या गोऱ्या लोकांना स्प्राउट्स म्हणून त्याचं भारी कौतुक असतं. आपण काय, दर मंगळवारी उसळच.

मिरचीभजी (१७ जून)

बोट लागण्यावर काय? मी तर गेटवे ते मांडवा लाँचमध्ये पिशवी घेऊन बसतो.

वाकडं_सुकाणू (१७ जून)

पहिले तीन दिवस बहुतेकांना लागते, मग शरीर मुकाट्याने ऐकतं. गोळी डॉक्टरांना विचारून, आणि आधी घरी एकदा घेऊन बघायची, म्हणजे किती झोप येते ते कळेल. आलेपाक खिशात. आत जाऊन स्वयंपाक करायला लागू नये म्हणून पहिल्या तीन दिवसांचं जेवण आधीच करून न्यायचं.

गोड्या_पाण्यातला (२५ ऑगस्ट)

जाऊन आलो. दोन रात्री. दुसऱ्या रात्री वारा २८ नॉट्सपर्यंत.

चांगलं आधी सांगतो. पहिल्या रात्री मला भयंकर लागली. पहाऱ्याला उठवायची वेळ झाली तर त्याने मला उठवलंच नाही, माझे तीन तास स्वतः काढले. सकाळी चकार शब्द नाही. बिस्किटं पुढे केली आणि म्हणाला, आज संध्याकाळी तू दोन पाळ्या कर. मला हे फार आवडलं.

आता दुसरं. मध्यरात्री शीड आखूड करायला तो पुढे गेला तेव्हा त्याने सुरक्षेचा पट्टा बोटीला अडकवला नव्हता. हार्नेस अंगात होता, दोरीचा हूक कमरेला लटकत होता, आणि हा माणूस अंधारात ओल्या डेकवर तसाच चालत गेला. मी सुकाणूवर. तो पडला असता तर मला ती बोट एकट्याने वळवून त्याच्यापर्यंत नेता आली असती का? आली नसती. भाचा खाली झोपलेला.

सकाळी काढला विषय, तर म्हणाला, चाळीस वर्षं असाच चालतोय.

पुलावरून (२५ ऑगस्ट)

जाऊ नका.

वाकडं_सुकाणू (२५ ऑगस्ट)

मीही तेच म्हणतो, पण एक पायरी आधी थांबतो. रात्री मागून वारा असताना माणूस पाण्यात पडला तर शिडं उतरवून परत फिरेपर्यंत मैलभर पुढे गेलेले असता. पाण्यातलं डोकं नारळाएवढं. तेव्हा त्याला शहाणपण शिकवू नका, तुमच्याबद्दल बोला. ‘तू पडलास तर मी तुला काढू शकत नाही, आणि तुझ्या बहिणीसमोर बसून पुढचे पंधरा दिवस मला बोट चालवावी लागेल.’ एवढंच सांगा आणि गप्प बसा. चाळीस वर्षांचा अनुभव बोलायला लागला की त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

झुणका_भाकर (२५ ऑगस्ट)

मी आधीच म्हटलं होतं. पण सुकाणूंचा सल्ला पटला.

गोड्या_पाण्यातला (४ सप्टेंबर)

बोललो. दोन दिवस ऑफिसात त्याने मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. तिला हे माहीतच नव्हतं. आता बोटीच्या दोन्ही बाजूंना नाळेपासून मागपर्यंत जाड पट्टे ताणून बसवतोय, कॉकपिटमध्येच हूक अडकवायचा आणि न सोडता पुढे जायचं. नियम त्याने स्वतःच लिहून शिडीशेजारी चिकटवलाय, स्वतःच्या सहीसकट. अंधार पडल्यावर हुकाशिवाय कुणी बाहेर यायचं नाही, आणि पुढे जाताना दुसऱ्याला उठवायचं.

जातोय. २ डिसेंबर.

पाटावरवंटा (४ सप्टेंबर)

आईला कळवलंत? तीन आठवडे सांगू नका, तीस दिवस सांगा. आणि ते नकाशावर ठिपका दाखवणारं यंत्र लावणार असाल तर आत्ताच बजावून ठेवा, ठिपका थांबला म्हणजे बॅटरी संपली. खरं संकट आलं तर एपर्ब नावाचं वेगळं यंत्र असतं, त्याचा संदेश थेट बचाव केंद्राला जातो. माझ्या सासूबाईंनी एकदा ठिपका चार तास हलला नाही म्हणून ग्रीसच्या दूतावासाला फोन लावला होता. आम्ही नांगर टाकून पोहत होतो.

गोड्या_पाण्यातला (६ जानेवारी)

पोचलो, जिवंत आहे, रत्नागिरीहून लिहितोय. वीस दिवस चार तास, २८४० मैल. फोटो स्वतंत्र धाग्यात टाकतो, मिरचीभजींची अट लक्षात आहे. इथे फक्त जे विचारलं होतं त्याबद्दल.

घासणं. नवव्या सकाळी हात लावत फिरत होतो. प्रिव्हेंटरची दोरी कठड्याच्या खांबाला जिथे टेकत होती तिथे बोटाला काहीतरी लव लागली, मांजराच्या कानासारखी मऊ. वाकून बघितलं तर वरचं निळं वेष्टण पूर्ण फाटलेलं आणि आतला पांढरा गाभा अर्धा झिजलेला. दोन हात अंतरावरून दोरी अगदी धडधाकट दिसत होती. सुकाणूभाऊ, मी तिथल्या तिथे मनात तुम्हाला नमस्कार केला. गाठ मारून दोरी फिरवली, आणि खांबाला बागेच्या पाइपचा तुकडा चिरून बसवला.

अकराव्या रात्री ऑटोपायलट मेला. आतला एक बारका पट्टा तुटला होता, जादा पट्टा सोबत आणलेला होता, पण तो कुठल्या डब्यात ते शोधायला दीड दिवस लागला. तेवढा वेळ हाताने सुकाणू, तासातासाला माणूस बदलत. त्याच रात्री पावसाचा झोत आला. पूर्वेकडचे तारे खालून वर एकेक विझत गेले, तेव्हा कळलं. वारा १८ वरून ३४. दिवेलागणीलाच शीड आखूड करायची शिस्त होती म्हणून निभावलं. त्या झोतात म्हातारा पुढे गेला, आणि जाण्याआधी मान वळवून मला हूक दाखवला. तोंडातून शब्द नाही.

तूप लास पाल्मासला रवाळ होतं, पाचव्या दिवशी पातळ झालं. वारा मात्र सातव्या दिवशी लागला. तूप थोडं घाई करतं.

शेवाळ फार. पिवळट सरगॅसमचे पट्टेच्या पट्टे, सुकाणूत अडकायचे. उडते मासे रोज सकाळी डेकवर. बहीण तळायची, मी भाजणीत घोळवायला शिकवलं.

एक गोष्ट विचारली नव्हती, तरी सांगतो. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे आपला अक्षांश, हे शाळेत पाठ केलं होतं. लास पाल्मासला हात ताणून मुठीवर मूठ ठेवली तर ध्रुव तिसऱ्या मुठीत होता, २८ अंशांवर. रोज थोडा थोडा खाली येत गेला. तेराव्या रात्री बारा ते तीनचा पहारा माझा होता. जीपीएसवर १७ अंश उत्तर. रत्नागिरी १७ वर. ध्रुव आमच्या गच्चीवरून दिसतो तेवढ्या उंचीवर, आणि दक्षिणेला दोन मुठी वर अगस्ती, तोही गच्चीवरच्यासारखाच. आजूबाजूला हजार मैल नुसतं पाणी आणि वर मात्र घरचं आभाळ.

दापोलीचे_काका (६ जानेवारी)

समुद्र पिऊन टाकणारा ऋषी, तो रस्ता दाखवायला बरा. अरब लोक अगस्तीला सुहैल म्हणतात, माहीत आहे का? आणि त्यांचे खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला सुहैली म्हणतात. त्यावरून त्या मुंबईच्या बोटीचं नाव.

गोड्या_पाण्यातला (६ जानेवारी)

काका, हे आधी सांगितलं असतंत तर त्या रात्री म्हाताऱ्याला सांगितलं असतं. त्याने नॉक्स-जॉन्स्टनचा फोटो खाली नकाशाच्या टेबलावर लावलाय.

पाटावरवंटा (७ जानेवारी)

आई काय म्हणाल्या?

गोड्या_पाण्यातला (७ जानेवारी)

तीस दिवस सांगितले होते. तिने कालनिर्णयवर १ जानेवारीभोवती गोल केला होता. बावीस डिसेंबरला सेंट लुशियाहून फोन लावला तर म्हणाली, अजून दहा दिवस आहेत, काय बिघडलं?

मिरचीभजी (७ जानेवारी)

😂 आणि मटकी?

गोड्या_पाण्यातला (७ जानेवारी)

दीड दिवसात मोड. चौदाव्या दिवशी मिसळ केली, फरसाण ऐन वेळी ओलं निघालं. भाच्याने दोनदा घेतली. फोटो त्या धाग्यात आहे.